वावर दिलं, आता हँगरमध्ये जागा द्या

प्रति,
नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमान दुरुस्तीचे हँगर (विमान उभं करायच्या मोठ्या शेड) चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन,
महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली,
आणि राज्याचा कौशल्य विकास विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

मी विमान देखभाल अभियंता आहे. आमच्या धंद्यात एएमई म्हणतात. विमानाची तपासणी-दुरुस्ती झाली की कागदावर शेवटची सही ज्याची असते, तो माणूस. ती सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. माझं लायसन्स बी-वन प्रकारातलं, म्हणजे इंजिन, सांगाडा, हायड्रॉलिक, लँडिंग गिअर ही कामं माझ्याकडे. वीस वर्षं होत आली या कामात. आधी बरीच वर्षं मुंबईला होतो, आता नागपुरात. राहायला खापरीला.

रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर दहा-बारा पोरं-पोरी जमतात. कोणी विमान देखभालीचा कोर्स करतंय, कोणी आयटीआयला आहे, दोघंतिघं कोर्स संपवून घरी बसलेत. मी त्यांना लायसन्ससाठीच्या मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षेतलं जे अडतं ते समजावून देतो. फी वगैरे काही नाही. मागच्या महिन्यात त्यातल्या एका मुलीने वही मिटली आणि विचारलं, "सर, लॉकवायर हातात घेतली की कशी लागते?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानातले बरेचसे बोल्ट नुसते आवळून भागत नाही, कारण कंपनाने ते सैल होऊ शकतात. म्हणून बोल्टच्या डोक्याला आरपार भोक असतं, त्यातून बारीक स्टीलची तार ओवायची, तिला पीळ द्यायचा आणि ती शेजारच्या बोल्टला अशा बाजूने बांधायची, की एक बोल्ट सैल व्हायला गेला तर तारेचा ताण त्याला परत आवळायच्याच दिशेला ओढेल. कामाला लागलेल्या माणसाच्या हाताला पहिल्या आठवड्यात जी कामं येतात त्यातलं हे एक. या मुलीला त्याचं सगळं पुस्तक पाठ होतं. जाड तारेला इंचाला किती पीळ, बारीक तारेला किती, सगळं तिने घडाघडा सांगितलं. तीन वर्षं होत आली तिच्या कोर्सला, आणि तिने लॉकवायर पाहिलेली नव्हती.

मी घरातून तारेची गुंडाळी, पक्कड आणि भोकं पाडलेले दोन जुने बोल्ट आणले आणि लाकडी फळीवर बसवून दिले. पहिल्यांदा तिने तार उलट्या बाजूने नेली, म्हणजे बोल्ट सुटायच्या दिशेला. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, आता बोल्ट डावीकडे फिरवून बघ. तिने फिरवला, तार ढिली पडली आणि तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या वेळी पीळ जास्त बसला आणि तार तुटली. तिसऱ्या वेळी तारेचं टोक अंगठ्यात घुसलं, रक्त आलं, तिने ते ओढणीला पुसलं. चौथ्या वेळी बरोबर जमलं. इंचाला सात पीळ, शेवट नीट आत वळवलेला. बोटाने दाबून दाबून पाहत राहिली ती. तिच्या वडिलांची चार एकर जमीन विमानतळाच्या प्रकल्पात गेली आहे. ते त्या दिवशी तिला घ्यायला आले होते, जिन्यात उभे होते. मला म्हणाले, "साहेब, आमच्या वावरात इमान उतरून राहिलं, अन् आमची पोट्टी गेटच्या बाहेरूनच पाहून राहिली."

त्यांचं हे वाक्य मला झोपू देत नाही. म्हणून हे पत्र.

देशात विमान वाहतूक किती वाढते आहे हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण पुढच्या म्हणण्यासाठी दोन-चार आकडे लागतील. २०१४ साली देशात ७४ विमानतळ चालू होते, दहा वर्षांत ते दीडशेच्या पुढे गेले. देशांतर्गत प्रवासात आपण जगात तिसऱ्या क्रमांकावर आहोत. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एका वर्षात दोन कंपन्यांची मिळून ९७० विमानं! बातम्या येतात त्या या मागणीच्या, उद्घाटनांच्या, नव्या टर्मिनलच्या. पण विमान घेतल्याच्या दिवसापासून त्याचा तपासणीचा हिशोब सुरू होतो. रोजची तपासणी, ठरावीक तासांनंतरची ए-चेक, आणि मग सी-चेक, ज्यात विमान कित्येक दिवस हँगरमध्ये उभं राहतं, पॅनेल उघडून, खुर्च्या काढून, जमिनीच्या पट्ट्या उचलून आतला सांगाडा पाहिला जातो. ९७० विमानं आयुष्यभरात किती वेळा हँगरमध्ये येतील, याचा हिशोब तुम्हीच करा. आणि प्रत्येक वेळी शेवटी लायसन्सवाल्या माणसाची सही लागणार.

हे काम भारतात व्हावं म्हणून सरकारने पावलं उचलली, ती मी जवळून पाहिली आहेत. विमान दुरुस्तीवरचा जीएसटी एप्रिल २०२० मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी इथे काम करण्यापेक्षा विमान सिंगापूरला किंवा श्रीलंकेला पाठवणं कंपन्यांना परवडायचं. जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवरही सरसकट ५ टक्के झाला. आधी एकाच पेटीतल्या दोन भागांना दोन दर लागायचे, कस्टममध्ये माल अडकायचा आणि विमान एका व्हॉल्व्हसाठी उभं राहायचं. हे मी भोगलं आहे, म्हणून या निर्णयांबद्दल मनापासून आभार मानतो.

नागपुरात तर सगळंच जुळून आलेलं आहे. बोइंगने ६८ विमानांच्या सौद्याचा भाग म्हणून मिहानमध्ये ५० एकरांवर उभारून दिलेला एअर इंडियाचा दुरुस्ती तळ २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात बोइंग ट्रिपल सेव्हनसारखं थोरलं विमान आत उभं राहतं. शेजारी एअरबसच्या विमानांचं काम करणारा हँगर आहे. बोइंगच्या ड्रीमलाइनर विमानात प्रवासी ज्या जमिनीवरून चालतात, तिच्याखालच्या तुळया, फ्लोअर बीम, मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत. दसॉ या फ्रेंच विमान कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली, आधी तिथे फाल्कन विमानाचे भाग बनायचे, आणि जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की फाल्कन २००० हे अख्खं विमान नागपुरात जोडलं जाणार. फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही याच शहरात. देशात विमानाच्या देखभालीचं नाव घ्यायचं तर नागपूरचं नाव घ्यावं लागेल, इतकं इथे आहे.

नागपूरला विमानाने ओळख दिली ती आजची नाही. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची, प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या गावी परत. देश मधोमध जोडणारं शहर म्हणून तो मान आपल्याला मिळाला, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचा अभिमान वाटतो. पण त्या सेवेत नागपूरला थैली उतरवायची आणि थैली चढवायची, एवढंच काम होतं. आज पाऊणशे वर्षांनी आपल्याकडे त्याहून पुष्कळ मोठं काम आलं आहे. ते करणारे हात तरी आता इथल्या मातीतले असावेत, ही माझी मागणी.

कारण आज अडतं आहे ते हातांपाशीच.

लायसन्सची वाट कशी आहे, हे बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. मग मान्यताप्राप्त संस्थेत कोर्स. मग महासंचालनालयाच्या मॉड्यूल परीक्षा: गणित, भौतिकशास्त्र, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, विमानाला लागणारे धातू-सामान, देखभालीच्या पद्धती, वायुगतिकी, मानवी चुका, कायदा, टर्बाइन इंजिन. प्रत्येकात १०० पैकी ७५ मिळाले तरच पास. हे सगळं झालं तरी लायसन्स मिळत नाही. चालत्या, उडत्या विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लॉगबुकमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, लागतो, त्यावर लायसन्सवाल्या अभियंत्याच्या सह्या लागतात. आणि लायसन्स हातात आल्यावरही त्या-त्या प्रकारच्या विमानावर सही करायची परवानगी, म्हणजे टाइप रेटिंग, वेगळी.

७५ टक्क्यांची अट कमी करा असं मी कधीही म्हणणार नाही. दोनशे लोक माझ्या सहीवर विश्वास ठेवून दहा किलोमीटर उंच जातात. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं त्या रात्री आमच्या शिफ्टमध्ये कोणी जेवलं नाही. चौकशी चौकशीच्या जागी. पण आमच्यातल्या प्रत्येकाने त्या आठवड्यात आपलं प्रत्येक टास्क कार्ड दोनदा वाचलं. गुणवत्तेवर तडजोड नको. अडचण आहे ती लॉगबुकच्या कोऱ्या पानांची.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझे वडील काटोलकडचे, संत्र्याची बाग होती. २००१ मध्ये बारावी झाल्यावर त्यांनी बाग गहाण टाकून मला परराज्यातल्या एका खासगी संस्थेत घातलं. माहितीपत्रकावर हँगर, विमान, पांढऱ्या कोटातले विद्यार्थी. प्रत्यक्षात पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लहान विमान होतं, त्याचं इंजिन केव्हाच काढून नेलेलं. तीन वर्षांत आम्ही त्याची चाकं पुसली. प्रत्यक्ष अनुभव मिळवून देऊ असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं, शेवटी म्हणाले, ते तुमचं तुम्ही पाहा. मी मुंबईला गेलो आणि दोन वर्षं एका हँगरच्या दाराशी चकरा मारल्या. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. शेवटी एका वयस्कर अभियंत्याने मला रात्रपाळीला मदतनीस म्हणून घेतलं, चिंध्या धुवायला आणि शिडी धरायला. त्यांनी मला पहिल्या दिवशी टॉर्क रेंच हातात दिला नसता तर मी आज बाग कसत असतो, तीही सावकाराची. माझ्याबरोबर शिकलेल्या सत्तावीस जणांपैकी माझ्या माहितीत सहा जणांना लायसन्स मिळालं. बाकीचे हुशार होते. दोघं माझ्याहून हुशार होते.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. दुःख याचं आहे की गच्चीवरची पोरं मला आज तेच सांगतात. इंजिन नसलेलं विमान, कोरं लॉगबुक, अनुभवाचं तुमचं तुम्ही पाहा.

म्हणून माझी पहिली विनंती हँगर चालवणाऱ्यांना. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत असं तो सांगतो. अडीच टक्के हा तळ आहे. तुम्ही पंधराच्या जवळ जा. आणि त्यांना फक्त साफसफाईला आणि स्टोअरला ठेवू नका. विमानावर, लायसन्सवाल्याच्या हाताखाली ठेवा आणि लॉगबुकवर सही द्या.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. विमान वेळेत सोडायचं असतं, उभ्या विमानाचा दर तासाचा तोटा मोठा, शिकाऊ पोराने एखादी वस्तू आत विसरली तर? त्यावर मी एका रात्रीचं सांगतो. रात्री दोनची वेळ, सी-चेक संपत आलेली. आमच्याकडे हत्यारांचा फळा असतो, प्रत्येक हत्याराच्या आकाराची सावली त्यावर रंगवलेली. शिफ्ट संपताना एकही सावली रिकामी दिसता कामा नये. त्या रात्री दहा मिलिमीटरच्या सॉकेटची जागा रिकामी होती. हँगरमधलं काम तिथल्या तिथे थांबलं. एक शिकाऊ पोरगा, एकोणीस वर्षांचा, पुढे आला आणि म्हणाला, "सर, मी लँडिंग गिअरच्या खोबणीत होतो. बहुतेक माझ्याकडूनच राहिलं." त्याचे ओठ थरथरत होते. आम्ही बंद केलेली पॅनेलं परत उघडली. पहाटे साडेचारला एका हायड्रॉलिक नळीच्या मागे, क्लॅम्पच्या बेचक्यात ते सॉकेट सापडलं. विमान उशिरा गेलं. त्या पोराला कोणी एक शब्द बोललं नाही, उलट शिफ्टच्या मुख्य अभियंत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मानवी चुकांचं आख्खं मॉड्यूल आहे आमच्याकडे, पण चूक लपवायची नाही हे तो पोरगा त्या रात्री शिकला. हे गच्चीवर शिकवता येत नाही, मी प्रयत्न केला आहे. आज तो लायसन्सवाला आहे आणि मी त्याच्या सहीच्या विमानात माझ्या आईला डोळे मिटून बसवीन.

शिकाऊ घेतल्याने हँगरचं नुकसान होत नाही. शिकवले नाहीत तर मात्र दहा वर्षांनी सही करायला माणूस मिळणार नाही. आत्ताच अनुभवी लोक दुबई-दोहाला जातात, पगार दुप्पट-तिप्पट. त्यांना अडवता येणार नाही, अडवूही नये. त्यांच्या मागे माणसं तयार असली पाहिजेत, एवढंच.

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीला माझं म्हणणं वेगळं आहे. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, चिंचभवन, जयताळा, भामटी इथल्या लोकांनी जमिनी दिल्या. काहींनी राजीने, काहींनी नाइलाजाने. मोबदल्याचे वाद कित्येक वर्षं चालले, त्यात मी इथे शिरत नाही. पण ज्यांची वावरं गेली त्यांच्या पोरांना मिहानमध्ये बहुतेक वेळा सुरक्षारक्षकाची, माळ्याची, कँटीनची नोकरी मिळाली. त्या कामांना मी कमी लेखत नाही. तरी बारावीला भौतिकशास्त्रात ऐंशी टक्के मिळवलेल्या पोराने गेटवर उभं राहून इतरांचे पास तपासावेत हे मला बघवत नाही. इथून पुढे हवाई उद्योगाला जमीन देताना करारातच लिहा: प्रकल्पग्रस्त गावांतली इतकी पोरं दरवर्षी शिकाऊ म्हणून, लॉगबुकसह. आणि दरवर्षी तो आकडा जाहीर करा, गावाच्या नावासकट.

कौशल्य विकास विभागासाठी नागपूरच्या शासकीय आयटीआयचं उदाहरण घरातलंच आहे. दसॉच्या मदतीने तिथे विमानाचा सांगाडा आणि जोडणी शिकवणारा फिटरचा ट्रेड सुरू झाला. कारखान्याला लागतो तसा हात तिथे तयार होतो. रिव्हेट मारणं, भोक पाडणं, सीलंट लावणं, शंभरदा तेच, दर वेळी तितकंच बिनचूक. मी त्या पोरांचं काम पाहिलं आहे, चांगलं आहे. आता तिथून पुढे जिना बांधा. त्यातल्या होतकरू पोरांना ए प्रकारच्या, म्हणजे किरकोळ देखभालीवर सही करता येणाऱ्या, लायसन्सपर्यंत नेणारा रस्ता हवा, मधली मॉड्यूलं शिकवणारे शिक्षक हवेत. अमरावती, गोंदिया, चंद्रपूरच्या आयटीआयमध्येही हे नेता येईल. गोंदियाला बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात, अमरावतीला बेलोऱ्याला एअर इंडियाचं वैमानिक प्रशिक्षण केंद्र येतं आहे. शिकाऊ विमानांनाही रोज देखभाल लागते. लहान विमानाचं पिस्टन इंजिन उघडून शिकलेला हात मोठ्या विमानावर कधी अडखळत नाही.

भाषेबद्दलही सांगायचं आहे. परीक्षा इंग्रजीत आहे, विमानाची मॅन्युअलं इंग्रजीत आहेत, ते तसंच राहावं. मॅन्युअल वाचता न येणारा माणूस विमानाजवळ नको. पण समजावणं मराठीत होऊ शकतं. हवेचा दाब पंखाच्या वर कमी आणि खाली जास्त का, हे मी गच्चीवर मराठीत सांगतो तेव्हा पोरांचे डोळे चमकतात, आणि मग तीच पोरं इंग्रजीतला प्रश्न बिनचूक सोडवतात. विभागाने मॉड्यूलवार मराठी व्याख्यानं ध्वनिचित्रित करून फुकट उपलब्ध करून द्यावीत. मी माझ्या वाट्याची करायला तयार आहे, मानधन नको.

आणि महासंचालनालयाला एकच विनंती. मान्यता दिलेल्या प्रत्येक देखभाल प्रशिक्षण संस्थेपुढे दरवर्षी तीन आकडे छापा: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांची सगळी मॉड्यूलं निघाली, आणि पाच वर्षांत किती जणांना लायसन्स मिळालं. बाग गहाण ठेवण्याआधी काटोलच्या, वरुडच्या, नरखेडच्या बापाला ते आकडे वाचता आले पाहिजेत. माझ्या वडिलांना ते वाचायला मिळाले असते तर त्यांनी मला त्या संस्थेत घातलं नसतं.

गच्चीवर सध्या बारा जण येतात. सात मुलगे, पाच मुली. नऊ जणांची निम्म्याहून जास्त मॉड्यूलं निघाली आहेत, लॉगबुक सगळ्यांचं कोरं आहे. तुमच्यापैकी ज्या हँगरला शक्य असेल त्यांनी एक शनिवार कळवावा. सुरक्षेचे पास, पोलीस पडताळणी, कानाचे मफ, पायातले बूट, सगळ्याची तयारी मी करून देतो. मी स्वतः त्यांना सकाळी आठला खापरीच्या मेट्रो स्टेशनवरून घेऊन येईन. त्या मुलीने फळीवर बांधलेले दोन बोल्ट मी तसेच ठेवले आहेत, तार न सोडता. येताना ते घेऊन येईन. तिचं काम तुम्हीच तपासा.

आपला,
एक विमान देखभाल अभियंता
खापरी, नागपूर